भिंतीला लागलेली पाठ

मी कपाट बोलतोय. दोन्ही दारं काढून बाजूला उभी केली आहेत, त्यामुळे आवाज जरा पोकळ येईल, तेवढा चालवून घ्या. सध्या मुक्काम घरामागच्या अंगणात, रणरणत्या उन्हात. पाठीची फळी नाही, मागचा एक पाय नाही, पोटात काही नाही. दुखतंय का म्हणाल, तर तसं काही नाही. लाकडाला मुळातच उशिरा कळतं, आणि गेल्या वर्षात मला त्याहूनही कमी कळायला लागलं. रडगाणं ऐकायला मिळेल म्हणून कुणी बसलं असेल, तर त्याने खुशाल उठून कामाला लागावं.

एका सुताराने मला एका लग्नासाठी बनवलं. मुलीच्या वडिलांनी सांगितलं होतं, "मजबूत कर. पोरगी लांब चालली आहे." सुताराने शब्दशः घेतलं. मला उचलायला चार माणसं लागली आणि चौघांनीही वाटेत सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मुलगी मात्र खूश होती. नव्या घरात पाऊल टाकल्यावर तिने आधी मला उघडलं, आत डोकं घालून खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "मस्त वास येतोय." माझी कुणी केलेली ती पहिली स्तुती. नंतर फारशी झाली नाही.

ज्या गावात मी आलो ते गाव कोरडं. किती कोरडं? चादर दोरीवर टाकली की दुसरं टोक चिमट्यात धरेपर्यंत पहिलं वाळलेलं असायचं. माणसांचे ओठ फुटायचे, टाचा फुटायच्या, बोलताना शब्द घशाला घासत बाहेर यायचे. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या फळ्या आकसल्या आणि भर दुपारी माझ्या अंगातून काड्‌दिशी आवाज आला. नवरा दचकून उठला. ती पोट धरून हसली. "घाबरू नका," ती त्याला म्हणाली, "कपाट आहे, गावाशी जुळवून घेतंय. मीही तेच करतेय."

नवरा हवामान केंद्रात निरीक्षक. गावाबाहेर पांढऱ्या जाळीच्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत. एक कोरडा, एकाच्या बुडाला ओलं फडकं. दोघांतला फरक बघायचा, तक्त्यात शोधायचा आणि हवेत किती दमटपणा आहे तो आकडा वर कळवायचा, ही याची नोकरी. आकडा नेहमीच हास्यास्पद असे. संध्याकाळी घरी आला की बूट काढता काढता जाहीर करायचा, "आज अकरा टक्के." बायको आतून ओरडायची, "बरं झालं सांगितलंत, नाहीतर मी छत्री काढणार होते." असं त्यांचं चालायचं. मला ते ऐकून बरं वाटायचं.

माझ्या जागेबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या जागेपायीच झालं. झोपायच्या खोलीत न्हाणीघराच्या भिंतीकडे पाठ करून मी उभा. पण भिंतीला लागून नाही. तिची एक घडीची इस्त्रीची फळी होती, लांबलचक, कुठेच न मावणारी. ती माझ्या पाठीमागे सरकवून ठेवायची. रोज काढायची, रोज ठेवायची. त्यामुळे माझ्या आणि भिंतीच्या मध्ये हात जाईल एवढी फट कायम मोकळी राहिली. त्या फटीतून वारा यायचा, जायचा. मला त्याचं काही महत्त्व वाटत नव्हतं. पाठीला वारा लागतो म्हणून कोण कधी खूश झालंय?

मग त्यांना मुलगी झाली. जन्मली तेव्हा फारच लहानखुरी होती, म्हणून तिला सगळे बारकी म्हणू लागले. पुढे चांगली वाढली, तरी नाव बारकीच राहिलं. तिचे झबले माझ्या खालच्या कप्प्यात, मग फ्रॉक, मग शाळेचे गणवेश. चालायला लागली तसा माझ्या आत लपायचा खेळ सुरू झाला. तिची आई मुद्दाम भलत्याच ठिकाणी शोधायची, "पलंगाखाली नाही, टोपलीत नाही, गेली कुठे ही बया?" आणि आतून खुदखुद हसू यायचं. माझ्या पोटात कुणीतरी हसतंय, हे बरं वाटायचं. बघा, तेव्हा मला बऱ्याच गोष्टी वाटायच्या.

बारकी दुसरीत होती तेव्हा तिची आई आजारी पडली. आजार रक्ताचा होता, त्याच्याशी माझा किंवा घराचा काही संबंध नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही शंका येईल. तेव्हा माझी पाठ खडखडीत कोरडी होती. ती दवाखान्यात गेली ती परत आली नाही. जाताना तिने माझ्यातून निळा लोकरी कोट काढला, अंगाला लावून बघितला आणि "तिथं काय करायचाय," म्हणत परत अडकवला.

नंतर घरात माणसंच माणसं झाली. भेटायला येणाऱ्यांना बसवायचं कुठे? बाहेरच्या खोलीत जागा पुरेना, तेव्हा केंद्रातले दोघं सहकारी आत आले. पलंग हलवला, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या. इस्त्रीची फळी माझ्या पाठीमागून ओढून बाहेर नेली आणि तिच्यावर पाण्याचे पेले मांडले. मग मला खांदा लावला.

"अजून सरकव रे."

"जातंय का?"

"जातंय. भिंतीला लाव पार. एक खुर्ची मावेल."

एक खुर्ची मावली. तिच्यावर कोण बसलं ते मला आठवत नाही. माणसं बिचारी मदत करत होती. अशा वेळी फर्निचर सरकवणं एवढंच माणसाच्या हातात असतं. पुढे खुर्च्या परत गेल्या, पलंग जागेवर आला. मला कुणी मागे ओढलं नाही. त्या घरात इस्त्रीच होईना, मग फळीसाठी जागा कुणाला हवी होती?

निरीक्षकाने बारकीचे कपडे काढून एका पेटीत ठेवले, मला कुलूप लावलं आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. त्याची मोठी बहीण, म्हणजे बारकीची आत्या, बंदराच्या गावाहून आली होती. ती म्हणाली, "कपडे कुणालातरी देऊन टाकू या का? कुणाच्या तरी अंगाला लागतील."

"राहू दे तिचं तिथंच," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चेहराही हलला नाही. तो तिथेच थांबला होता, माझ्यासारखा. आत्याने पुन्हा विषय काढला नाही.

नंतर बापलेक दोघंच. तो सकाळी तिचं आवरून देई, डबा देई, केंद्रात जाई, संध्याकाळी आला की कपडे धुई. बाहेर टाकले तर धुळीने पुन्हा मळतात, म्हणून खोलीतच दोरी बांधली. धुळीची वादळं तर घरात शिरून भांड्यात बसायची. बायको असताना दोन वेळा फरशी पुसली जायची. याच्याने ते होईना, म्हणून खिडकीच्या चारी कडांना जाड चिकटपट्टी लावून टाकली. न्हाणीघरातला वारा ओढणारा पंखा धुळीने जाम झाला, तो तसाच राहिला. यातली एकही गोष्ट वेडेपणाची नव्हती. एकट्या माणसाला घर चालवायचं तर तो असंच करणार. पण घराची नाकं एकेक करून बंद होत होती, आणि घरात श्वास घेणारे दोनच जीव होते.

आता भिंतीचं ऐका. न्हाणीघराच्या नळाचा एक सांधा भिंतीच्या आत होता. तो कधीतरी ढिला झाला आणि पाझरू लागला. धार नाही, थेंबही नाही, नुसती ओल. दमट गावात भिंतीला डाग पडला असता, पोपडे सुटले असते आणि शेजारीण येऊन म्हणाली असती, "तुमच्याकडे ओल आलीय हो." इथली हवा पडली महातहानलेली. भिंतीचा जेवढा भाग उघडा होता तिथली ओल वर यायच्या आत पिऊन टाकायची. न्हाणीघराच्या बाजूने बघा, भिंत पांढरीशुभ्र. खोलीच्या बाजूने बघा, तीच गोष्ट. जिथे वारा पोचत नव्हता अशी एकच जागा उरली होती, आणि तिथे माझी पाठ टेकलेली होती. सगळी ओल तिथे आली. दुसरं जाणार तरी कुठे?

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटलं. इतकी वर्षं आकसून उभा होतो, तहानेने माझ्या सांध्यासांध्यांत फटी पडल्या होत्या. पाठीला गारवा लागला तसा मी तो पीत राहिलो. मग एक दिवस पाठीवर पिठासारखं काहीतरी भुरभुरलं. ते करडं झालं, मग हिरवट, मग काळं. बुरशी. मला तिच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. तिचं माझ्याशी वैर नव्हतं. तिला खायला हवं होतं आणि मी समोर होतो. ती गाजावाजा न करता वाढली, माझ्या मागच्या पायात उतरली, फळीच्या भेगेतून आत कपड्यांपर्यंत आली. तोवर माझी पाठ बधिर झालेली होती. कुणी सुरी खुपसली असती तरी कळलं नसतं.

निरीक्षक एखाद्या दुपारी मला उघडायचा. बारकी शाळेत असायची. तो काही काढायचा नाही, ठेवायचा नाही. निळ्या कोटात तोंड खुपसून उभा राहायचा. तिचा वास अजून तिथे होता. मग दार लावायचा, किल्ली खिशात, आणि भांडी घासायला जायचा. एका दुपारी त्याने तोंड खुपसलं आणि लगेच बाहेर काढलं. पुन्हा हुंगलं. दुसरा कपडा हुंगला. वास कुबट येत होता. मला वाटलं, आता कळेल याला. आता हा मला पुढे ओढेल. पण त्याला वाटलं, माणूस गेल्यावर त्याचा वासही असाच हळूहळू नासत असेल. त्याने डांबराच्या गोळ्या आणून आत टाकल्या आणि कुलूप लावलं. नंतर त्याने मला उघडलं नाही. उघडून भेटणार कुणाला? मला त्या दिवशी वाईट वाटलं. त्यानंतर बराच काळ काही वाटल्याचं आठवत नाही.

बारकीचा खोकला तोवर सुरू झालेला होता. आधी सकाळचा, मग शाळेतून आल्यावर, मग अंथरुणाला पाठ टेकली की. छातीतून शिटी वाजायची. पलंग माझ्यापासून हाताच्या अंतरावर, तिची उशी माझ्या बाजूला. तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला, आणि तिथे काय झालं ते त्याने आत्याला फोनवर माझ्यासमोरच सांगितलं.

"डॉक्टर विचारतात, घरात कुठे ओल आहे का? ताई, मला हसूच आलं. म्हटलं, डॉक्टर, मी हवामान केंद्रात आहे. या गावात ओल सापडली तर आधी मला कळवा, मी वर तार करतो."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मग कोरड्या हवेनेच घसा धरत असेल."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाहेरच्या पेटीतला आकडा त्याला पाठ होता, आणि तो खराही होता. पण आकडा पेटीतल्या हवेचा होता, माझ्या पाठीमागच्या हवेचा नव्हता. तिथे तापमापक टांगायला कुणी आलं नव्हतं. आणि तुम्ही माणसं "कुठेतरी पाणी मुरतंय" असं दुसऱ्यांच्या घराबद्दल किती सहज म्हणता! स्वतःच्या घरात खरोखर मुरत असतं तेव्हा म्हण आठवत नाही.

उपचार सुरू झाले. दोरीवर ओली चादर. पलंगाखाली पाण्याची परात. मग वाफ सोडणारं एक यंत्र, ते नेमकं माझ्या पायाशी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! खोकला वाढला की तो यंत्र वाढवायचा. यंत्र वाढवलं की माझ्या पाठीवरची पाहुणी माजायची. ती माजली की खोकला वाढायचा. बाप लेकीच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा आणि म्हणायचा, "आत्ता हवा ओली होईल हं, आत्ता बरं वाटेल." त्याच्या मायेला उणं नव्हतं. म्हणूनच मला ते बघवत नव्हतं. पण कपाटाला डोळे मिटता येत नाहीत.

सुट्टी लागली तशी आत्या बारकीला आपल्या गावी घेऊन गेली. थोड्याच दिवसांत फोन आला. त्याने तो कानाला लावला तरी आत्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता, कारण ती फोनवर बोलताना दोन गावांमधलं अंतर तोंडाने भरून काढत असे.

"अरे, पोरीचा खोकला गेला! जिना धावत चढते! आणि इथली हवा म्हणशील तर नुसती ओलीकच्च. मीठ भांड्यात पाझरतंय. म्हणजे तिला दमट हवाच मानवते रे!"

तो "हो" म्हणाला. दोघांचंही गणित बिनचूक होतं, फक्त त्यात मी धरलेला नव्हतो. आत्याच्या घरात मीठ पाझरत होतं, पण खिडक्या सताड उघड्या होत्या आणि वारा घरभर हुंदडत होता, हे कुणाच्या लक्षात यावं? त्याने आणखी मोठं यंत्र आणलं. खिडकीची चिकटपट्टी जुनी झाली होती, ती काढून नवी लावली, वाफ बाहेर जाऊ नये म्हणून.

बारकी परत आली, गालावर रंग घेऊन. दोन आठवडे झाले नसतील, तिला एक वाक्य एका दमात बोलता येईना. तेव्हा आत्याने येऊन निकाल दिला.

"मी हिला घेऊन जाते. सुट्टीपुरती नाही. तिथल्या शाळेत नाव घालते."

तो पलंगाच्या कडेवर बसला होता. "ने," म्हणाला.

"तू काही बोलणार आहेस की नाही?"

"काय बोलू? इथली हवा मी बदलू शकत नाही, ताई. ती श्वास घेऊ शकली पाहिजे. ने तिला."

"अरे, मग एकटा काय करशील तू?"

"आकडे घेईन."

आत्या त्याच्याजवळ बसली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "एकदा मोकळेपणाने रड की रे. ती गेली तेव्हाही रडला नाहीस."

"येत नाही," तो म्हणाला. "आणायला बघितलं. येत नाही."

बारकी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि बापापुढे येऊन उभी राहिली. "बाबा, मी खोकले नाही तर मला राहू देशील?"

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. तिने ते हो समजून घेतलं. मग निघायच्या दिवसापर्यंत ती खोकली नाही. म्हणजे, त्या दोघांसमोर खोकली नाही. खोकला दाटला की खोलीत यायची, दार लावायची, उशी तोंडात कोंबायची आणि माझ्या अंगाला टेकून थरथरायची. मग डोळे पुसून बाहेर जायची आणि म्हणायची, "बघ, आला नाही." ती ज्याला टेकत होती तेच तिचा गळा आवळत होतं, आणि तो मी होतो. मला जीभ असती तर काय सांगितलं असतं? "लांब हो," एवढंच. पण मी उभा राहिलो. उभं राहणं एवढंच मला येत होतं.

निघायच्या दिवशी दुपारी बॅग भरून झाली. आत्या चेन ओढत होती. बारकी म्हणाली, "बाबा, आईचा निळा कोट मी नेऊ?"

आपल्याकडे थंडी नसते असं म्हणायच्या ऐवजी आत्याने चेन पुन्हा उघडली. निरीक्षकाने खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं, दार उघडेना. वाफ पिऊन पिऊन मी फुगलो होतो, दार चौकटीत रुतलं होतं. त्याने ओढलं. पाय माझ्या दुसऱ्या दाराला लावून ओढलं. या माणसाने इतक्या जोराने काही केल्याचं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

आणि माझा मागचा पाय गेला. कुजून त्याचा नुसता भुसा उरला होता. लोक म्हणतील, कपाटाने शेवटी मुलीला वाचवलं. तसं काही नाही. मी काही ठरवलं नव्हतं, माझ्याने उभं राहवलं नाही इतकंच. मी एका अंगाला कललो. आत्याने "अगं बाई!" म्हणत बारकीला मागे खेचलं. निरीक्षकाने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि तोल सावरायला बाजूला रेटलं. तेव्हा पाठीमागे काहीतरी टरकन फाटलं. माझ्या पाठीची फळी भिंतीला इतकी चिकटली होती की ती भिंतीकडेच राहिली, मग सावकाश सुटून खाली पडली.

भिंत फरशीपासून माणसाच्या खांद्यापर्यंत काळी होती. काळ्यावर हिरवी, हिरव्यावर पांढरी लव. वासाने आत्याने नाकाला रुमाल लावला.

"हे काय आहे रे?"

"नाही," तो म्हणाला. "इथं होत नाही हे."

"होत नाही काय? समोर दिसतंय!"

"ताई, आज नऊ टक्के आहे. नऊ टक्क्याला हे होतच नाही."

मग तो पुढे झाला आणि एक बोट भिंतीला लावलं. बोट ओलं झालं. तो त्या बोटाकडे बघत राहिला. त्याच्या नोकरीतलं कुठलंही यंत्र त्याला आणावं लागलं नाही.

धुरळा उडाला होता. बारकीला खोकल्याची उबळ आली आणि या वेळी उशी हाताशी नव्हती. खोकून खोकून ती खाली बसली. श्वास परतला तसं तिने आधी बापाकडे बघून सांगितलं, "मी खोकत नव्हते बाबा. खरंच. हा आत्ताच आला."

त्याने तिला उचललं आणि घराबाहेर नेलं. बाहेर, रस्त्यावर, उन्हात. बॅग आत तशीच राहिली.

पुढचे दिवस तोडफोडीचे. नळवाल्याने भिंत फोडली आणि सांधा काढून हातावर ठेवला. "कित्येक महिने गळत असणार साहेब. इकडे गळती सापडत नाही हो, वरचेवर वाळून जाते. माझ्या स्वतःच्या घरात सापडली नव्हती." खिडकीच्या चिकटपट्ट्या ओरबाडून निघाल्या. यंत्रं, परात, चादर सगळं बाहेर गेलं. भिंतीचा गिलावा खरवडला, ती वाळेपर्यंत बारकी आणि आत्या बाहेरच्या खोलीत झोपल्या.

राहिले कपडे. सगळ्यांवर ठिपके पडले होते. त्याने निळा कोट उकळत्या पाण्यात धुतला. उन्हात वाळवला. पुन्हा धुतला. ठिपके फिके झाले, रंगही फिका झाला. आत्या म्हणाली, "आता झाला असेल, दे तिला." बारकीने तो घेतला, आई धरायची तसा अंगाला लावून बघितला, मग नाक खुपसलं आणि तिच्या छातीत शिटी वाजली. त्याने कोट तिच्या हातातून काढून घेतला. तो हिसकावला नाही, अलगद घेतला. अंगणात एका पिंपात त्याने जाळ केला, त्यात आधी कोट गेला, मग बाकीचे कपडे. मला तोवर बाहेर काढलं होतं, म्हणून मी ते जवळून पाहिलं. लोकर लवकर जळत नाही, धुमसत राहते. तो शेवटपर्यंत काठी घेऊन उभा होता आणि वारा लेकीच्या बाजूला वळला की तिला हाताने लांब हो म्हणून खुणावत होता. बायको गेली तेव्हा त्याने तिची एकही गोष्ट जाऊ दिली नव्हती. आता स्वतःच्या हाताने ढकलून ढकलून जाळली, कारण लेक ठेवायची होती. दोन्ही ठेवता येणार नव्हतं, आणि हे त्याला सांगायला कुणी लागलं नाही.

आत्या एकटीच परत गेली. जाताना बारकीला म्हणाली, "सुट्टीत मात्र यायचं हं, खोकला असो नसो."

माझं आता काय राहिलं? एकच सांगणं आहे, ऐकायचं तर ऐका. आमच्या गावात ओल नाही, असं म्हणून निवांत बसू नका. गाव कोरडं असलं तरी तुमच्या कपाटामागे वेगळं गाव असू शकतं. आम्हा जड कपाटांना भिंतीपासून जरा लांब ठेवा आणि अधूनमधून पाठीमागे हात घालून बघा. ज्याला कुणी हलवत नाही, ते नासतं. दुःखाबद्दल मला माहीत नाही, मी लाकडाबद्दल बोलतोय.

आज दुपारी खिडकी उघडी होती. अंगणातून मला पलंग दिसतो. बारकी शाळेतून येऊन आडवी झाली होती. निरीक्षक फरशी पुसत होता, कारण खिडकी उघडी म्हणजे धूळ आलीच, दोन वेळा पुसावी लागते. पुसता पुसता तो एकदम थांबला. कान देऊन ऐकू लागला. घरात काही आवाज नव्हता. हातातलं फडकं टाकून तो धावत पलंगापाशी गेला, वाकला आणि तिच्या नाकासमोर तळहात धरला.

"बाबा, मी जागी आहे," बारकी म्हणाली.

"मग खोकत का नाहीस?"

"नाहीये खोकला."

तो तिथेच ओल्या फरशीवर बसला, पलंगाला पाठ लावून. तोंड माझ्या दिशेला होतं. त्याला रडू आलं. आधी त्याच्याही लक्षात आलं नाही. त्याने गालाला हात लावला, हाताकडे बघितलं आणि मग त्याने ते थांबवलं नाही. बारकी पालथी होऊन पलंगाच्या कडेवर आली आणि त्याच्या केसांत हात घालून पडून राहिली. फरशी अर्धी पुसायची राहिली आणि खिडकीतून धूळ येत राहिली.

मला फोडायला उद्या माणूस येणार आहे. येऊ दे.